विदूषकाच्या हातातील बंदूक : 'ट्रायगन' आणि त्याचे प्रेक्षक

'ट्रायगन' या जपानी मालिकेविषयी तिच्या प्रेक्षकांत गेली पंचवीसहून अधिक वर्षे एक वाद चालू आहे. १ एप्रिल १९९८ ते ३० सप्टेंबर १९९८ या काळात 'टीव्ही टोकियो' या वाहिनीवरून तिचे सव्वीस भाग प्रथम दाखविले गेले. २००३ साली ती अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर आली आणि तेथे तिला मायभूमीपेक्षाही मोठा रसिकवर्ग लाभला. या रसिकांत उघडउघड दोन तट आहेत. एक तट म्हणतो की, पहिले दहाअकरा भाग हा निव्वळ पोरखेळ आहे. ते कसेबसे सोसावेत, खरी मालिका त्यानंतर सुरू होते. दुसरा तट म्हणतो की, खरी गंमत त्या पहिल्या भागांतच आहे; पुढे मालिकेने गंभीर मुखवटा चढविला आणि ती इतर अनेक मालिकांसारखी झाली. दोन्ही तटांना मालिका आवडते, हे विशेष. आम्हांस असे वाटते की, हे दोन्ही तट एकाच गृहीतकावर उभे आहेत: या कृतीत विनोद आणि गांभीर्य ही दोन वेगळी द्रव्ये असून ती एकापुढे एक मांडलेली आहेत, हे ते गृहीतक. ते कितपत खरे आहे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

असा विषय या पानांवर कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमचे बहुतेक वाचक अध्यापक आहेत. त्यांच्या वर्गांतील मुले 'ॲनिमे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेखाचलचित्रांवर घरी, मित्रमंडळींत आणि क्वचित वर्गातही तावातावाने बोलत असतात. त्या बोलण्याला मर्यादा आहेत, पण त्यात उदासीनता नाही. शिवाय हास्यरसाला दुय्यम आसन देण्याची खोड ही काही केवळ त्या मुलांची नाही. आपल्या समीक्षेतही ती पुरेशी मुरलेली आहे. तेव्हा हा वाद दूरदेशीचा असला तरी त्याचा निवाडा करताना आपली मापेही तपासून निघतील.

प्रथम कृतीची ओळख. यासुहिरो नाइतो यांनी १९९५ साली ही चित्रकथा एका मासिकातून क्रमशः लिहावयास घेतली. १९९७ साली ते मासिक बंद पडले, तेव्हा कथा दुसऱ्या नियतकालिकात थोड्या बदललेल्या नावाने पुढे चालू राहिली आणि २००७ साली पुरी झाली. म्हणजे 'मॅडहाउस' या संस्थेने सातोशी निशिमुरा यांच्या दिग्दर्शनाखाली मालिका तयार केली, त्या वेळी मूळ कथा निम्म्या वाटेवर होती. मालिकेचा शेवट हा म्हणूनच पुष्कळसा मालिकेचा स्वतःचा आहे. पटकथाकार योसुके कुरोदा यांच्याकडे त्याचे श्रेय आणि उत्तरदायित्व दोन्ही जाते. त्सुनेओ इमाहोरी यांच्या गिटारप्रधान संगीताने तिला एक रखरखीत, धुळीचा सूर दिला आहे.

कथा घडते ती एका परग्रहावर. तेथे आकाशात दोन सूर्य आहेत आणि खाली सर्वत्र वाळू. पृथ्वी सोडून निघालेल्या मानवांची जहाजे या ग्रहावर कोसळली, आणि वाचलेल्यांचे वंशज 'प्लांट' नावाच्या काही अजब ऊर्जायंत्रांच्या आधाराने येथे तग धरून आहेत. जेथे प्लांट चालतो तेथे गाव जगते. तो बिघडला की गाव मरते. या ग्रहावरचे जीवन मात्र अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांवरील जुन्या चित्रपटांतून उचललेले आहे: मद्यगृहे, शेरीफ, खुनी टोळ्या आणि कमरेला पिस्तुल. जपानी कलावंताने अमेरिकन 'वेस्टर्न' उसने घ्यावे यात नवल वाटण्याचे कारण नाही. १९६१ साली कुरोसावांनी 'योजिम्बो' हा सामुराईपट काढला. १९६४ साली इटलीच्या सेर्जिओ लिओने यांनी तीच कथा पिस्तुले देऊन 'ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या नावाने उभी केली. या देवघेवीची वाट तेव्हापासूनच मळलेली आहे. 'ट्रायगन'ने त्या वाटेवर विदूषक आणून उभा केला, हे तिचे वेगळेपण.

हा विदूषक म्हणजे नायक व्हॅश द स्टॅम्पीड. त्याच्या शिरावर साठ अब्ज 'डबल डॉलर'चे इनाम आहे, आणि 'मानवी झंझावात' अशी त्याची ख्याती आहे. तो ज्या गावी जातो त्या गावाचा सत्यानाश होतो, अशी सर्वत्र वदंता आहे. बर्नार्डेली नावाच्या विमा कंपनीला त्याच्यामुळे होणाऱ्या नुकसानीचे दावे पुरवून पुरवून नाकी नऊ आले आहेत. म्हणून ती मेरिल आणि मिली या दोन तरुण नोकरदार स्त्रियांना त्याच्या मागावर पाठविते. त्यांना आढळतो तो लाल डगल्यातला एक उंच, रडका, खादाड तरुण. तो स्त्रियांभोवती रुंजी घालतो, डोनट खातो, संकट आले की किंचाळत पळत सुटतो, आणि 'प्रेम आणि शांती' असा घोष करीत फिरतो. हाच तो झंझावात, हे मेरिलला पुष्कळ काळ पटतच नाही.

आता पहिल्या तटाचा आक्षेप घेऊ. पहिले भाग सुटे सुटे आहेत, त्यांतून कथानक पुढे सरकत नाही, आणि व्हॅशचे चाळे तेच ते आहेत, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य नाही असे नाही. काही भागांतले खलपुरुष केवळ वेळ भरण्यासाठी आणलेले वाटतात. परंतु या भागांत घडते काय, ते नीट पाहिले पाहिजे. पहिल्या भागात गावाची जी धूळधाण होते ती व्हॅशच्या बंदुकीने होत नाही. त्याच्या शिरावरील रकमेच्या लोभाने आलेले शिकारी ती करतात. पाचव्या भागात एका गावाचा प्लांट बिघडलेला आहे. दुरुस्तीला पैसा हवा, म्हणून सबंध गाव हाती लागेल ते शस्त्र घेऊन व्हॅशच्या मागे लागते. तो भेदरल्यासारखा गल्लीबोळांतून धावत राहतो, आणि आपण हसतो. पण जेव्हा खरे दरोडेखोर इनामासाठी त्या गावावर चालून येतात, तेव्हा ज्यांनी त्याला मारावयास शस्त्रे उचलली त्यांच्याच रक्षणासाठी तो उभा राहतो. दहाव्या भागात शीघ्र नेमबाजीचा सामना आहे. तेथे व्हॅश आणि त्याचा नवा सोबती वुल्फवुड यांची सारी धडपड आपण जिंकावे यापेक्षा कोणी मरू नये यासाठी चाललेली असते.

या साऱ्या प्रसंगांना जोडणारा धागा एकच. व्हॅशने कोणाचाही प्राण न घेण्याचे व्रत घेतले आहे. हे व्रत त्याने अशा जगात घेतले आहे की जेथे बंदूक हीच बोलण्याची भाषा. हातात अचूक नेम आहे, समोर मारेकरी आहे, आणि मारावयाचे मात्र नाही: अशा माणसापुढे मार्ग किती उरतात? त्याने पळावे, पडावे, लोळण घ्यावी, रडावे, शत्रूला हसवावे, नाहीतर चकवावे. ज्याला आपण त्याचे चाळे म्हणतो ती त्याच्या व्रताची युद्धनीती आहे. हास्य हे येथे गांभीर्याच्या आधी येणारे मनोरंजन नसून, ज्या गांभीर्याविषयी पुढे बोलले जाते त्याचेच ते आचरण आहे. पुढे एके ठिकाणी आपल्याला त्याचे उघडे शरीर दिसते: ते व्रणांनी भरलेले आहे आणि डावा हात कृत्रिम आहे. त्या क्षणी मागचा प्रत्येक विनोदी प्रसंग पुन्हा मोजावा लागतो. प्रत्येक पळापळीची किंमत कोणीतरी मोजली होती, आणि ती हसणाऱ्यांनी मोजलेली नव्हती.

आपल्या रसशास्त्रात या गोष्टीला जवळचा असा एक विचार आहे. भरताने हास्य हा शृंगारापासून उद्भवतो असे सांगितले. अभिनवगुप्ताने तो विचार रुंदावून, कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. अनौचित्य हे त्याचे मूळ. भ्याड मनुष्य वीराचा आव आणतो तेव्हा वीराभास होतो आणि आपण हसतो. व्हॅशच्या ठिकाणी हे चित्र उलटे आहे. तो खरा वीर असून भ्याडपणाचा आव आणतो. पाहणाऱ्याला वीराभास दिसतो, आणि त्या आभासाच्या आड वीररस सुरक्षित असतो. संस्कृत नाटकात नायक आणि विदूषक या दोन व्यक्ती असतात. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय चारुदत्ताच्या पाठीशी उभा राहतो, पण चारुदत्ताचे ओझे तो वाहत नाही. येथे दोघे एकाच देहात आहेत, आणि विदूषक नायकाचे संरक्षण करतो आहे. हा संकर आम्हांस या मालिकेची खरी कमाई वाटते.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा आहे. व्हॅशची स्त्रीलंपट थट्टा, डोळे विस्फारून केलेला आरडाओरडा, चेहऱ्याची अतिरंजित रेखाटणी ही पुष्कळ प्रेक्षकांना असह्य होते. या आक्षेपाचा काही भाग आम्ही मान्य करतो. स्त्रियांमागे लागण्याचा विनोद फार वेळा आणि फार स्वस्तात वापरला आहे. तो वगळला असता तर व्रताचे काही बिघडले नसते. परंतु आरडाओरड्याच्या बाबतीत ऐकणाऱ्याचा कान महत्त्वाचा आहे. मूळ जपानीत मासाया ओनोसाका आणि इंग्रजीत जॉनी याँग बॉश यांनी व्हॅशला आवाज दिला. दोघांनीही किंचाळणाऱ्या उंच स्वरातून एकाएकी शांत, खालच्या स्वरात उतरण्याची हातोटी साधली आहे. तो खालचा स्वर वरच्या स्वरावाचून ऐकूच येणार नाही. 'एकच प्याला'मध्ये तळीरामाच्या प्रवेशांनी प्रेक्षक हसतो आणि त्याच प्याल्यात सुधाकराचा संसार बुडतो. हे हसणे काढून टाका, म्हणजे करुण अधिक शुद्ध होईल, असे कोणी म्हणाल्यास आपण त्याला गडकरी समजले नाहीत असेच म्हणू.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्यावर प्रेक्षकांनी केलेली चर्चाही सर्वांत मोलाची आहे. व्हॅशचे व्रत हा भाबडेपणा आहे, असे हे प्रेक्षक म्हणतात. तो ज्यांना जिवंत सोडतो ते पुढे दुसऱ्यांचे जीव घेतात. मग आपले हात स्वच्छ ठेवण्यासाठी तो इतरांना मरू देतो, असे का म्हणू नये? या प्रेक्षकांनी ध्यानात घ्यावे की, हा प्रश्न त्यांच्याआधी मालिकेनेच विचारला आहे. वुल्फवुड हा धर्मोपदेशकाच्या वेषातला मारेकरी आहे. पाठीवर तो जो प्रचंड क्रूस वाहतो, त्यातच त्याची शस्त्रे आहेत. अनाथ मुलांसाठी त्याचा जीव तुटतो, आणि काहींना वाचवावयाचे तर काहींना मारावे लागते, हा त्याचा रोकडा हिशेब आहे. बाविसाव्या भागात तो व्हॅशच्या डोळ्यांदेखत एका बालवयाच्या शत्रूला गोळी घालतो, आणि दोघांची मैत्री त्या एका गोळीपाशी अडते. सतराव्या भागात हाच वाद अगदी लहान रूपात येऊन गेलेला असतो. जहाजावर वाढलेली दोन जुळी भावंडे, व्हॅश आणि नाइव्ज, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले फुलपाखरू पाहतात. नाइव्ज कोळ्याला चिरडून फुलपाखराला सोडवितो. व्हॅश रडतो, कारण त्याला दोघेही जगावयास हवे होते. हिशेबाने नाइव्जचे बरोबर आहे. त्याच हिशेबाने पुढे तो मानवजातीने भरलेली जहाजे ग्रहावर आदळवितो, आणि त्यांतल्या शक्य तितक्यांना वाचविण्यासाठी रेम ही त्यांना वाढविणारी स्त्री आपला प्राण देते.

तेविसाव्या भागात वुल्फवुड आपल्या गुरूला मारण्याची संधी असून मारीत नाही, आणि त्याच गुरूच्या हातून, पण लेगाटो या तिसऱ्याच्या मनःशक्तीने चालविलेल्या हातून, मरतो. व्हॅशचे व्रत शिकणे त्याला प्राणघातक ठरले, असे टीकाकार म्हणतात. ते खरे आहे. मालिकेने हे सत्य झाकलेले नाही. चोविसाव्या भागात तर लेगाटो व्हॅशपुढे एकच पर्याय ठेवतो: मला मार, नाहीतर मेरिल आणि मिली मरतील. व्हॅश गोळी झाडतो. या गोळीवर प्रेक्षकांत जितकी चर्चा झाली तितकी सबंध मालिकेतील दुसऱ्या कोणत्याही प्रसंगावर क्वचितच झाली असेल. काहींना हा व्रताचा पराभव वाटतो, तर काहींना उशिरा आलेले शहाणपण.

आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात, आणि येथेच आमचा पहिल्या तटाशी असलेला मतभेद पुरा स्पष्ट होतो. ज्याने पहिले अकरा भाग गाळले त्याला ही गोळी इतर हजारो चित्रपटांतल्या गोळ्यांसारखीच ऐकू येईल. खलनायक मेला, एवढेच त्याला कळेल. ज्याने व्हॅशला गावोगावी धावताना, लोळताना, हसवताना पाहिले आहे, त्याला कळते की या एका क्षणी पळण्याची वाट बंद झाली, चकविण्याची वाट बंद झाली, हसविण्याची वाट बंद झाली. विदूषकाकडे करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा बंदूक उडाली. त्या गोळीचे वजन मागच्या हास्याने भरलेले आहे. लेगाटोलाही नेमके हेच हवे असते. मरून का होईना, व्हॅशचे हसणे त्याला कायमचे संपवावयाचे आहे.

ते संपते का? पंचविसाव्या भागात व्हॅश खचून अंथरुणाला खिळला आहे. सूडाने पेटलेले गावकरी त्याला मारावयास उठतात, आणि बंदुकांच्या पुढे मेरिल उभी राहते. विम्याचे दावे तपासावयास आलेली, नुकसानीचे आकडे मांडणारी ही स्त्री त्या वेळी रेमच्याच भाषेत बोलते. व्रत एका माणसाच्या हातून मोडले आणि दुसऱ्याच्या तोंडून उच्चारले गेले. शेवटच्या भागात व्हॅश नाइव्जशी लढतो, त्याला जखमी करतो, पण मारीत नाही. त्याच्या जखमा बांधून त्याला पाठीवर घेऊन तो चालू लागतो. लाल डगला आणि बंदूक मागे राहतात. हा शेवट काही प्रेक्षकांना घाईचा वाटतो, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. नाइव्जसारख्या पात्राला एकाच भागात गुंडाळल्याने त्याचे मन आपल्याला पुरते उलगडत नाही. लेगाटोच्या हाताखालील मारेकऱ्यांपैकी कित्येक तर केवळ विचित्र शस्त्रांचे प्रदर्शन मांडून निघून जातात. चित्रांच्या बाबतीतही काटकसर जागोजागी दिसते. १९९८ सालीच आलेल्या 'काउबॉय बेबॉप' या दुसऱ्या अंतराळ-वेस्टर्न मालिकेशी प्रेक्षक तिची तुलना करतात, तेव्हा रेखाटणीच्या सफाईत आणि संगीताच्या वैभवात 'बेबॉप' सरस ठरते, याविषयी दुमत होऊ नये. 'बेबॉप'मधील माणसे आपल्या भूतकाळापुढे हतबल आहेत, आणि तिची शैली त्या हतबलतेला शोभते. 'ट्रायगन'मधील माणूस भूतकाळाचे देणे रोज थोडे थोडे फेडीत असतो. अशा माणसाची कथा फार देखणी झाली असती तर कदाचित खोटी वाटली असती.

२०२३ साली 'ऑरेंज' या संस्थेने हीच कथा 'ट्रायगन स्टॅम्पीड' या नावाने संगणकनिर्मित चित्रांत नव्याने मांडली. या आवृत्तीवरील मतभेदांनी आमचे प्रतिपादन अधिक स्पष्ट व्हावे. तिची दृश्ये डोळ्यांत भरतात, नाइव्ज आरंभापासून समोर आहे, आणि कथानक कोठेही रेंगाळत नाही. म्हणजे पहिल्या तटाची प्रत्येक मागणी तिने पुरविली. तरीही जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले. काहींनी याला केवळ स्मरणरंजन ठरविले. आमच्या मते त्यांचे वाटणे साधार आहे. नव्या आवृत्तीत मेरिल विमा कंपनीची नोकरदार नाही. ती वार्ताहर झाली आहे, आणि मिली तर जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाही. विमा हा वरवर एक विनोद होता. पण मोडलेल्या भिंतीचे, फुटलेल्या खिडकीचे मोल मांडणारे कोणीतरी झंझावाताच्या मागे फिरत आहे, या विनोदात सबंध कथेचे नीतिशास्त्र दडलेले होते. वार्ताहर घटना पाहतो. विमेवाल्याला हानी मोजावी लागते. मोजणाऱ्या स्त्रीने अखेरीस मोजता न येणाऱ्या गोष्टीसाठी छातीवर बंदुका झेलाव्यात, हा जुन्या मालिकेतील प्रवास नव्या मालिकेला त्याच वाटेने करता येत नाही. विनोद काढला, आणि त्याच्याबरोबर अर्थाचा एक सांधाही निखळला.

प्रेक्षकांच्या मतांना समीक्षेने किती मान द्यावा, हा प्रश्न जुना आहे. या बाबतीत आमचे मत असे की, प्रेक्षक आपल्याला काय जाणवले हे बहुधा अचूक सांगतो. ते का जाणवले हे सांगताना तो चुकू शकतो. 'ट्रायगन'च्या पहिल्या तटाला उत्तरार्धात काळीज हलल्याचे जाणवले, ते खरे. दुसऱ्या तटाला पूर्वार्धातील उजेड नंतर मावळल्याचे जाणवले, तेही खरे. दोघांनी आपापला अनुभव एकत्र ठेवला असता तर त्यांना दिसले असते की, जो उजेड मावळला त्याच्याचसाठी काळीज हलले होते. मुलांना वाङ्‌मय शिकविणाऱ्यांनी या वादातून एवढे घ्यावे: विद्यार्थी जेव्हा एखाद्या कृतीतले हसू ओलांडून 'गंभीर भागा'कडे धाव घेतो, तेव्हा त्याला क्षणभर थांबवून विचारावे की, हा माणूस हसवीत होता तेव्हा नेमके काय वाचवीत होता? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 'ट्रायगन'चे सव्वीस भाग, त्यांतील साऱ्या उणिवांसकट आणि एकही न गाळता, पाहण्याच्या योग्यतेचे आहेत.